मामांना गोड लागणारं पाणी

माझ्या नवऱ्याला मुतखड्याची पहिली कळ आली ती क्रांती चौकातल्या सिग्नलला. सकाळी स्कूटरवरून वाळूजला कामावर निघाला होता. दिवा हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि ह्याला पाय जमिनीवरून उचलता येईना. स्कूटर कशीबशी दुभाजकाला टेकवून तो तिथंच खाली बसला. एका रिक्षावाल्यानं त्याचा चेहरा पाहिला आणि म्हणाला, "पथरी है भाई ये. मेरेकू भी हुआ था. बैठो जल्दी." तपासणी व्हायच्या आधीच निदान झालं होतं, आणि ते बरोबर निघालं.

खडा हरभऱ्याच्या डाळीपेक्षाही लहान होता. आठ-दहा दिवसांत औषधावर पडून गेला. त्याची भीती मात्र घरात राहिली.

माझा नवरा कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बॉयलरच्या नळ्या जड पाण्यानं कशा बुजतात हे त्यानं आयुष्यभर पाहिलंय. बरं वाटल्यावर कामावर गेला त्या पहिल्याच दिवशी तो कापून काढलेल्या नळीचा एक तुकडा घेऊन घरी आला. बाहेरून मनगटाएवढी नळी, आणि आतून पांढऱ्या थरानं इतकी भरलेली की जेमतेम करंगळी जावी. तो तुकडा त्यानं जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"हे बघ. लोखंडाचं असं होतं. मग माणसाचं काय होत असेल?"

आमच्या कॉलनीत नळाला पाणी काही दिवसांआड येतं. मधल्या दिवसांत बोअरचं पाणी, आणि ते चांगलंच जड. बादलीला पांढरा थर, गिझरची कॉइल दर वर्षी बाद, तुरीची डाळ कुकरमध्ये सहा शिट्ट्यांनंतरही टणक. त्यामुळे त्याचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटलं नाही. खरं तर चुकीचं आहे की बरोबर, हे मला सांगता आलं असतं असं कुणालाही वाटेल. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडून पाण्याचा जडपणा मोजण्याचा प्रयोग मी इतकी वर्षं करून घेतला, की त्यातली प्रत्येक चूक मला मुलांनी करायच्या आधी दिसते. पण स्वतःच्या घरचं पाणी मी कधी मोजलं नव्हतं. आणि पाण्यातला चुना नळीत काय करतो हे मला माहीत असलं, तरी तो पोटात गेल्यावर काय करतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनचा माणूस आला. त्यानं दोन पेले मांडले. एकात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत त्यानं सळ्या बुडवल्या आणि वायर प्लगात लावली. मिनिटाभरात आमच्या पेल्यातलं पाणी आधी पिवळं, मग तपकिरी, मग गटारासारखं काळपट झालं. वर फेस आला. मशीनचा पेला तसाच नितळ.

"साहेब, हे तुम्ही रोज पिताय," तो हळूच म्हणाला.

नवऱ्याच्या चेहऱ्याकडं मी पाहिलं. कळ येऊन गेलेल्या बाजूला त्याचा हात आपोआप गेला होता. तो प्रयोग काय आहे हे मला पहिल्या अर्ध्या मिनिटात कळलं होतं. तरी मी गप्प बसले. मशीन त्याच आठवड्यात भिंतीवर लागलं.

होळीच्या सुमारास सासरे आमच्याकडं राहायला आले. मी त्यांना मामा म्हणते. अजिंठ्याच्या अलीकडं त्यांचं शेत आहे, धाकटे दीर आता ते पाहतात. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आधी एक डोळा, मग मध्ये काही आठवडे थांबून दुसरा, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. म्हणजे अख्खा उन्हाळा ते शहरात राहणार होते.

पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना तांब्या-पेला दिला. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि पेला खाली ठेवला.

"पाणी कामून असं लागतंय, बाई?"

"मशीनचं आहे, मामा. एकदम शुद्ध."

"व्हय, शुद्ध असंल. पण चव नाय ह्याला. पागोळीखाली तोंड धरल्यावानी लागतंय."

आम्ही हसलो. सवय होईल म्हणालो. मामा स्वभावानं सोशिक. पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. मीही विसरले.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. काळा चष्मा लावून मामा गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे रंग ओळखायचे आणि खूश व्हायचे. "ती निळी हाय बघ. दोन वर्सं मला समद्या गाड्या मातकटच दिसायच्या." पण एप्रिल संपता संपता ते मलूल दिसायला लागले. जेवण कमी झालं. पोट साफ होत नाही म्हणायचे. एका दुपारी गॅलरीतून उठताना त्यांना भोवळ आली. खुर्चीचा हात धरता आला म्हणून पडले नाहीत.

आमच्या डॉक्टरबाई वयस्कर आहेत. कॉलनीतल्या तीन पिढ्या त्यांनी तपासल्यात. नाडी पाहिली, रक्तदाब आधी बसवून आणि मग उभं करून पाहिला, जीभ पाहिली, हाताच्या कातडीला चिमटा काढून पाहिला. मग विचारलं, "बाबा, दिवसाला पाणी किती पिता?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. "पितो की."

"किती?"

"गोळीसंग एक पेला. जेवताना अर्धा. संध्याकाळी... नाय पीत बगा."

"एवढ्या उन्हाळ्यात? गावी किती प्यायचात?"

"गावाकडं मोजायचं काय त्यात? तांब्या तोंडाला लावला की रिकामा."

"मग इथं काय झालं?"

मामा संकोचले. सून शेजारी बसलेली. शेवटी म्हणाले, "ह्या पोरांनी लई हौसंनं मशीन आणलं. पण ते पाणी गळ्याखाली उतरत नाय, डॉक्टरीणबाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिने माणूस आमच्या घरात तहानलेला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

डॉक्टरबाई हसल्या. "मग त्यांना जे पाणी गोड लागतं ते द्या ना."

नवरा पुढं सरकला. "पण डॉक्टर, आमच्या बोअरचं पाणी भयंकर जड आहे. मला त्यानंच मुतखडा झाला."

"कुणी सांगितलं त्यानंच झाला म्हणून?"

 मग त्यानं नळीचं सांगितलं. बॉयलरमधली नळी, आतला थर, सगळं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमच्या बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि चुना मागं राहतो. माणसाच्या पोटात पाणी उकळत नाही हो. पाण्यातला चुना म्हणजे कॅल्शियम, दुसरं मॅग्नेशियम. दुधात, तिळात, भाजीतही तेच असतं. शरीराला लागेल तेवढं घेतं, बाकीचं बाहेर टाकतं. उलट जेवणाबरोबर पोटात कॅल्शियम गेलं, तर खडा ज्या पदार्थापासून बनतो त्यातला काही भाग ते आतड्यातच धरून ठेवतं. सगळ्यांना सरसकट असंच होईल असं मी म्हणणार नाही, माणसागणिक फरक असतो. पण मला तुम्ही सांगा, कामावर असताना पाणी किती पिता?"

आता नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं.

"बॉयलरजवळ बाटली न्यायला जमत नाही," तो म्हणाला. "चहा होतो चार-पाच वेळा."

"आणि घाम?"

"घाम तर... शर्ट पिळून निघतो."

"तुमचा खडा मी तिथं शोधीन आधी."

मामा काळ्या चष्म्याआडून मुलाकडं बघत होते. घरी येताना रिक्षात म्हणाले, "म्हंजी मी पाणी पीत नाय म्हणून तू मला दवाखान्यात नेलंस, आन् तूबी पीत नायस."

दवाखान्यातून निघताना डॉक्टरबाईंनी मला एक गोष्ट बजावून सांगितली होती. जड पाण्याला घाबरू नका, पण पाणी न तपासता कुणाला देऊही नका. जंतू बघा, फ्लोराइड बघा, नायट्रेट बघा. त्रास देणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा चव बदलत नाहीत, थरही सोडत नाहीत. मी विचारलं, मग जड पाणी चांगलंच का? काही लोक म्हणतात हृदयाला बरं असतं. त्या म्हणाल्या, तसे काही अभ्यास आहेत, आणि तसं काही न आढळलेलेही आहेत, त्यामुळे औषध म्हणून कुणी पिऊ नये. पाणी म्हणून प्यावं.

दिरांना फोन केला. ते दोन दिवसांनी जीपमधून विहिरीच्या पाण्याचा कॅन घेऊन आले. मामांनी कॅनच्या झाकणाला हात घातला तेव्हा मी मधे पडले.

"मामा, आधी तपासायचं. मग प्यायचं."

"अगं, अठ्ठ्याहत्तर वर्सं तपासतोय मी ते!"

"चारच दिवस."

चार दिवस कॅन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आणि मामा त्याच्या समोर. मी त्यांना ताक, लिंबाचं सरबत, कैरीचं पन्हं देत राहिले. पन्हं मशीनच्या पाण्याचं असलं तरी त्यांनी तक्रार केली नाही. भोवळ थांबली.

जंतू, फ्लोराइड आणि नायट्रेटसाठी मी बोअर आणि विहीर दोन्हींच्या बाटल्या सरकारी प्रयोगशाळेत दिल्या. जडपणा मात्र मला स्वतःला मोजायचा होता. कॉलेजला सुट्टी लागली होती, प्रयोगशाळा रिकामी होती. एका सकाळी मामा आणि नवरा दोघांनाही घेऊन गेले. मामा पहिल्यांदाच कॉलेजच्या आत येत होते. धोतर सावरत त्या उंच स्टुलावर बसले आणि सगळीकडं बघत राहिले.

तीन फ्लास्क मांडले. मशीनचं, बोअरचं, विहिरीचं. पाण्यात अमोनियाचं द्रावण घातल्याबरोबर मामांनी नाक मुरडलं.

"गोठ्याचा वास येतोय की."

"बरोबर ओळखलंत, तोच वास."

मग चिमूटभर रंग. बोअरचं आणि विहिरीचं पाणी लालसर झालं, पिकलेल्या जांभळाच्या रसासारखं. वरच्या काचनळीतून दुसरं एक द्रावण थेंब थेंब सोडायचं आणि फ्लास्क हलवत राहायचा. जडपणा संपला की एका थेंबात पाणी निळं होतं. किती थेंब लागले त्यावरून पाणी किती जड ते ठरतं. मशीनचं पाणी दोन-चार थेंबांतच निळं झालं. बोअरला वेळ लागला. विहिरीच्या वेळी मी नळीची तोटी मामांच्या हातात दिली. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं ते टक लावून बघत होते. थेंब पडत राहिले. पाणी लालच.

"अजून?" नवरा म्हणाला.

"अजून."

आणि मग निळं झालं. इतकं स्वच्छ निळं की मामांचा हात थांबला.

"म्हंजी कुणाचं पाणी सगळ्यात जड?"

"तुमच्या विहिरीचं. पण मर्यादेच्या आत आहे."

पोरगं बोर्डात पहिलं आल्यासारखे त्यांनी खांदे मागं घेतले. "मी म्हनत नव्हतो? दमदार पाणी हाय ते."

आता मला दुसरी गोष्ट करायची होती. दोन लोखंडी खिळे आणि बॅटरी काढली. विहिरीच्या पाण्यात खिळे बुडवले. थोड्या वेळात पाणी तपकिरी झालं. मामा घाबरून स्टुलावरून अर्धे उठले. नवरा वडिलांना म्हणाला, "बघा दादा, हेच दाखवलं होतं त्या मशीनवाल्यानं."

मी मशीनचं पाणी घेतलं, त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि नवे खिळे बुडवले. तेही तपकिरी झालं.

"हे मशीनचंच शुद्ध पाणी आहे," मी म्हटलं. "त्यात फक्त मीठ घातलं. ही पाण्यातली घाण नाही. खिळा झिजतोय, त्याचा गंज आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड विरघळतं. एवढंच."

दोन्ही फ्लास्क मी शेजारी शेजारी ठेवले.

"तुला हे त्या दिवशी माहीत होतं?" नवऱ्यानं विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कळ सोसून उठला होता. मला खिळ्याचं माहीत होतं, खड्याचं माहीत नव्हतं. त्या मशीनवाल्याला खोटं पाडलं असतं आणि पुन्हा तुम्हाला कळ आली असती तर?" मग जे खरं होतं तेही सांगितलं. "आणि मीही घाबरले होते."

 मी फ्लास्क धुवायला घेतले तेव्हा तो शेजारी येऊन उभा राहिला आणि एक एक पुसून ठेवायला लागला. शेवटचा पुसताना म्हणाला, "पुढच्या वेळी बोलत जा. घाबरलीस तरी बोलत जा."

चौथ्या दिवशी अहवाल आले. बोअरच्या पाण्यात काहीच वावगं नव्हतं, जडपणा सोडून. विहिरीत फ्लोराइड ठीक, नायट्रेट ठीक. पण जंतू निघाले.

हे मामांना सांगणं अवघड होतं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. "माझ्या हिरीत?"

"उघडी विहीर आहे, मामा. पाखरं, पाला, कुणी बादली खाली ठेवून तीच आत सोडतं. पाण्याचा दोष नाही."

 संध्याकाळी त्यांनी दिरांना फोन लावायला सांगितला आणि फोनवर जोरात म्हणाले, "हिरीला जाळी बसवून घे. आन् ती जंतू मारायची पावडर टाकत जा मापानं, सरकारी बाई येती ना वाटायला तिला इचार. पोरं पितात ते पाणी." कॅनमधलं पाणी त्यांनी स्वतःच्या हातानं गॅलरीतल्या तुळशीला आणि मोगऱ्याला घातलं.

आम्ही छतावरची टाकी धुऊन घेतली. बाजारातून माठ आणला. बोअरचं पाणी गाळून, क्लोरीनचे थेंब टाकून, त्यात भरून ठेवायला लागले. पहिल्या दिवशी मामांनी पेला तोंडाला लावला तेव्हा मी पदराचं टोक हातात घट्ट धरून उभी होते. परीक्षेच्या निकालाला एवढी धाकधूक झाली नव्हती.

त्यांनी पेला रिकामा केला. पुन्हा पुढं केला.

"हिरीसारखं नाय. पण पाण्यासारखं हाय."

आठवडाभरात त्यांचा चेहरा भरला. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आणि त्यांनी मुलाला धारेवर धरलं. सकाळी डबा भरताना ते स्वतः माठातून बाटली भरायचे, तिच्या झाकणाला सुतळी बांधून द्यायचे, म्हणजे ती पट्ट्याला अडकवता यावी. संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला की दारात हात पुढं. "दाव बाटली." पाणी उरलेलं असलं तर दारातच संपवायला लावायचे. पन्नाशीतला माणूस शेजाऱ्यांदेखत दारात उभं राहून पाणी पितोय, हे बघून मला हसू आवरायचं नाही. दोन वर्षं झाली, त्याला पुन्हा कळ आलेली नाही. पाण्यानंच आली नाही असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, डॉक्टरबाईही म्हणत नाहीत. पण बाटली तो अजून नेतो.

मशीन आम्ही काढलं नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ दोन शिट्ट्यांत लोण्यासारखी शिजते आणि चहावर तवंग येत नाही. गावी परत जायच्या आदल्या दिवशी मामांनी चहा पिता पिता कबूल केलं, "च्याला मातर मशीनचंच पाणी झ्याक. आमच्या हिरीवर च्या असा नाय व्हत." नवऱ्याला फार बरं वाटलं.

त्याच वर्षी जूनमध्ये कॉलेज सुरू झालं तेव्हा मी प्रयोगात एक बदल केला. आधी आम्ही मुलांना तयार द्रावण द्यायचो. आता सांगितलं, प्रत्येकानं आपल्या घरचं पाणी आणा. सिल्लोड, कन्नड, पैठण, गंगापूर, कुठून कुठून बाटल्या आल्या. टेबलावर जागा पुरेना. माझं पाणी जड, तुझं हलकं, अशी भांडणं. एरवी घड्याळाकडं बघणारी मुलं तास संपला तरी हलेनात.

त्यात एक मुलगी होती, हसताना तोंडावर ओढणी धरायची. एकदा ओढणी निसटली आणि मला तिचे दात दिसले. तपकिरी डागांचे. सगळे गेल्यावर मी तिला थांबवलं आणि विचारलं. "आमच्या वस्तीवर सगळ्यांचेच असे आहेत मॅडम," ती म्हणाली. "हापशाचं पाणी तर इतकं गोड आहे, मुद्दाम लांबून लोक न्यायला येतात." तिच्या बाटलीतलं पाणी आमच्या प्रयोगात अगदी हलकं निघालं होतं. मी तिच्याकडून आणखी एक बाटली मागवून घेतली आणि सरकारी प्रयोगशाळेत पाठवली. फ्लोराइड मर्यादेच्या बरंच वर होतं.

तो कागद घेऊन ती घरी गेली. तिच्या वडिलांनी तो ग्रामपंचायतीत नेला. बोलाचाली बरीच झाली म्हणे, कारण गोड पाणी सोडायला कुणी तयार नव्हतं. मग सरकारी माणसं येऊन पुन्हा तपासून गेली, त्यांचाही आकडा तसाच आला, आणि हापशावर पिण्यासाठी नाही असं लाल रंगात लिहिलं गेलं. वस्तीच्या दुसऱ्या टोकाची विहीर तपासली, ती चांगली निघाली. तिचे स्वतःचे दात आता तसेच राहणार, हे मी तिला खरं खरं सांगितलं होतं. तिची धाकटी बहीण मात्र पहिलीत होती, तिचे काही पक्के दात तरी अजून हिरडीतच घडत होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मला जिन्यात भेटली. ओढणी खांद्यावर होती.

"मॅडम, नवीन विहिरीचं पाणी इतकं मचूळ लागतं ना! माझी आई रोज तुमच्या नावानं बोटं मोडते." आणि ती मोकळी हसली. "पण पितो आम्ही सगळे."